हात नसलेल्या खुर्च्या

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला गेले, त्या दवाखान्यातल्या खुर्च्यांना हात नव्हते. बसल्यावर लक्षात आलं की आजवर प्रत्येक खुर्चीत बसण्याआधी आपण तिच्या दोन हातांमधलं अंतर नजरेने मोजत आलो आहोत. नाट्यगृहात, एसटीत, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत. लग्नाच्या हॉलमधल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या तर विचारूच नका. आपण उठलो की खुर्चीही आपल्याबरोबर उठेल, ही धास्ती ज्यांच्या वाट्याला आली नाही त्यांना या लेखातलं बरंचसं वाढवून सांगितल्यासारखं वाटेल. वाटू दे.

मी चौकशी करतेय हे कळल्यावर घरीदारी जो तो एकच बोलू लागला: ‘अगं, हा तर सोपा मार्ग झाला.’ जाड बाईने बारीक व्हायचं तर घाम गाळून, उपाशी राहून, मन मारून व्हावं, अशी लोकांची अपेक्षा असते. भूल घेऊन टेबलावर आडवं पडणं म्हणजे जणू कॉपी करून पास होणं. बरं, घाम मी गाळला नव्हता असंही नाही. आमच्या स्वयंपाकघरात आहाराचे सगळे पंथ नांदून गेले. जिऱ्याचं पाणी झालं, नुसत्या फळांचा आठवडा झाला, डॉ. दीक्षितांच्या आहारपद्धतीची दोन वेळची जेवणं झाली, नाचणीची भाकरी झाली. प्रत्येकाने थोडं उतरवलं आणि जे उतरलं ते पाहुण्यांना घेऊन परत आलं.

यामागचं कारण मला फार उशिरा वाचायला मिळालं. माणसाने दहावा हिस्सा वजन उतरवलं की शरीर नुसतं लहान होत नाही, कंजूषही होतं. त्या आकाराला जेवढी ऊर्जा लागायला हवी त्याहूनही कमी खर्च करू लागतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी 1995 सालीच हे मोजून दाखवलं होतं. आमच्या भागातल्या जिमच्या भिंतींवर मात्र अजूनही इच्छाशक्तीचेच सुविचार रंगवलेले आहेत.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत वजनाला उंचीच्या वर्गाने भागून माझा बीएमआय काढला. हे सूत्र ज्याने मांडलं तो आदोल्फ केतले वैद्य नव्हताच. बेल्जियमचा हा खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती 1830च्या दशकात ‘सरासरी माणूस’ शोधत होता. त्याच्या भागाकाराने दीड शतकानंतर कुणाचं पोट कापायचं हे ठरेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. आणि हा भागाकार आपल्या लोकांना नीट लागूही पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत 22.3, पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. म्हणून आपल्याकडे स्थूलपणाची रेघ 30 ऐवजी 25 वर ओढतात. विमा कंपनीला या बारकाव्यांशी देणंघेणं नसतं. 2019च्या नियमांप्रमाणे तिला बीएमआय 40 तरी लागतो, नाहीतर 35 आणि जोडीला हृदयरोग, आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार. आपण पुरेसे आजारी आहोत हे कागदोपत्री सिद्ध झाल्याचा आनंद मी त्या फॉर्मवर सही करताना अनुभवला. विचित्र आनंद होता तो.

पण मला हलवलं ते वजनाच्या आकड्यांनी नाही, भुकेने.

लहानपणापासून माझी भूक हा माझा स्वभाव समजला गेला. ‘हिला धीर नाही,’ आत्या म्हणायची. मोठी झाले तेव्हा तेच वाक्य मी स्वतःला म्हणू लागले. डॉक्टरांनी कागदावर जठराचं चित्र काढलं, वरच्या फुगीर भागावर पेनाने गोल केला आणि म्हणाले, ‘तुमच्या भुकेचं संप्रेरक मुख्यतः इथे बनतं, घ्रेलिन.’ 1999 साली जपानमध्ये त्याचा शोध लागला. जेवणाआधी ते रक्तात चढतं, जेवल्यावर उतरतं, आणि वजन उतरवलेल्या माणसाच्या अंगात ते पूर्वीपेक्षा जास्त राहतं. स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, त्यात हा गोलही जातो. मागे उरते केळ्याएवढी नळी.

मी त्या गोलाकडे बघत राहिले. ज्याच्यासाठी आयुष्यभर बोलणी खाल्ली, तो स्वभाव नव्हता, एक जागा होती. सुटल्यासारखं वाटलं. आणि लगेच काहीतरी तुटल्यासारखंही. कारण भूक ही माझी नुसती वैरीण नव्हती. शाळेतून येताना जिन्यातच फोडणीचा वास ओळखणारी ती. मे महिन्यात आमरसाच्या वाटीत पुरी बुडवताना आजूबाजूचं जग विसरायला लावणारी ती. शस्त्रक्रियेनंतर तोच आमरस भरभर प्यायला तर साखर एकदम आतड्यात उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. डॉक्टर त्याला डम्पिंग म्हणतात. आहारतज्ज्ञ बाई शांतपणे सांगत होत्या: पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ, प्रत्येक घास बारीक चावून, जेवताना पाणी नाही, आधी प्रथिनं मग बाकीचं, आणि बी-12, लोह, कॅल्शियम जन्मभर. काही महिने केस गळतील, ते पुन्हा येतील. त्वचा लोंबेल, ती बहुधा तशीच राहील. मी वहीत लिहून घेत होते आणि मनात एकच चालू होतं, गणपतीत काय करायचं?

हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे माया पानातच वाढतात. आग्रह केला नाही तर यजमानाचं चुकतं, नको म्हटलं तर पाहुण्याचं. अशा घरात दोन चमच्यांत पोट भरणारी बाई सूनही शोभत नाही आणि मावशीही. आईने हेच तिच्या भाषेत सांगितलं. ‘धडधाकट पोट कापून टाकायचं? अन्नाचा अपमान नाही का हा?’ मी तिला दुसऱ्या प्रकाराबद्दल, बायपासबद्दल सांगितलं. त्यात जठर काढत नाहीत. वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. उरलेलं जठर जागच्या जागी राहतं, पाचकरस सोडतं, पण त्याच्याकडे अन्न येत नाही. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे ते बिचारं आत वाट बघत बसणार?’

हे ऑपरेशन सुचलं तेही आडवळणानेच. आयोवाचे सर्जन एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं होतं की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन पुन्हा वाढत नाही. 1966 साली त्यांनी जठर न काढता, त्याचा मोठा भाग नुसता वगळून तोच परिणाम मुद्दाम साधून पाहिला. हात दुसऱ्याच रोगावर चालू होते, गवसलं हे.

एका ओळखीच्या बाईंना भेटले. त्यांची शस्त्रक्रिया होऊन बरीच वर्षं झालीत. वजन खूप उतरलं होतं, त्यातलं थोडं परतही आलंय. चहाचा कप हातात नुसताच धरून त्या म्हणाल्या, ‘भूक गेली गं, पण संध्याकाळ तशीच राहिली. सहा वाजता डब्यांपाशी जायचे, आता जाऊन नुसती उभी राहते.’ कुठल्याही माहितीपत्रकात हे लिहिलेलं नव्हतं. जठर कापता येतं, संध्याकाळ कापता येत नाही. ती वेगळी सावरावी लागते. चांगल्या दवाखान्यात ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात ते याचसाठी.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचाही विचार केला. मार्च 2025 मध्ये माउंजारो भारतात आलं आणि आमच्या स्टाफरूममध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. औषध उत्तम आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण थांबवलं की वजन बहुतेकांचं परत चढतं, म्हणजे खर्च कायमचा. ज्यांना तो झेपतो आणि ज्यांचं वजन माझ्याएवढं नाही, त्यांनी आधी तिकडेच बघावं.

स्वीडनमध्ये 1987 पासून काही हजार स्थूल लोकांवर नजर ठेवली आहे. अर्ध्यांनी ऑपरेशन केलं, अर्ध्यांनी नेहमीचे उपचार घेतले. ऑपरेशनवाले सरासरी तीन वर्षं जास्त जगले. पण सर्वसाधारण लोकांच्या मानाने त्यांचंही आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच भरलं. हा दुसरा आकडा जाहिरातीत सापडत नाही. मला मात्र त्यानेच धीर आला. चमत्काराचं आश्वासन दिलं असतं तर मी पळून आले असते. तीन वर्षं हा माणसांच्या व्यवहारातला आकडा आहे, तेवढ्यात मुलीचं शिक्षण पुरं होतं.

आणि रात्री आहेत. मला झोपेत श्वास अडकल्याचं कळत नाही, नवऱ्याला कळतं. झोपेच्या तपासणीत तासाला तीसच्या वर वेळा श्वास अडला की आजार गंभीर मानतात. मी त्या रेघेच्या बरीच पलीकडे होते. श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅपचं मशीन आणलं, त्याचा मास्क नाकावर बांधून झोपते, पण मध्यरात्री तो निघतो. मग नवरा अंधारात जागा होऊन माझा पुढचा श्वास ऐकू येईपर्यंत थांबतो. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. मुलीने सांगितलं, कारण आता तीही थांबते, भिंतीपलीकडच्या खोलीत. भुकेशी माझं जे काही नातं होतं ते माझ्यापुरतं होतं. या जागरणाची किंमत मात्र दुसरी माणसं मोजत होती.

ऑपरेशन करायचं ठरलं आहे. बायपासच, कारण मला आम्लपित्ताचा जुना त्रास आहे आणि स्लीव्हने तो वाढू शकतो. शिवाय बायपासनंतर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत साखर खाली येताना दिसते. तारीख गणपतीनंतरची घेतली आहे. तेवढी सवलत मी स्वतःला दिली. नातेवाइकांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या वर्षी माझ्या पानात अर्धाच मोदक दिसला तर त्यावर आणखी वाढू नका. आणि भेटल्यावर किती किलो उतरलं ते विचारू नका. विचारायचंच असेल तर माझ्या नवऱ्याला विचारा, झोप लागते का म्हणून.