दुसरा कॅमेरा

धुळ्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण लग्नं थांबत नाहीत. साक्री रोडवरच्या अशाच एका लग्नात मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरकला आणि माझ्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं. बॅटरी काढून घातली, लेन्स बदलली. ढिम्म. आत दोन मेमरी कार्डं होती, त्यांचा इथे काय उपयोग? माळा घालतानाचे फोटो मोबाईलवर काढले. नवरीच्या वडिलांनी विचारलं, "भाऊ, फोटू येतीन ना?" मी "हो" म्हणालो.

यात नशिबाचा दोष नाही. मधल्या किमतीच्या डीएसएलआरचं शटर साधारण 1 ते दीड लाख क्लिक टिकेल असं धरतात. मी एका लग्नात 3 हजार फोटो काढतो. म्हणजे 40 लग्नं झाली की धोका सुरू.

नवी बॉडी परवडत नाही, हे खरंच. आमचे निम्मे पैसे कायम उधारीत. म्हणून जुनी घेतली, त्याच लेन्स बसतील अशी. ती बॅगेत ठेवत नाही, खांद्यावर असते. बॅग उघडेपर्यंत अंतरपाट कोणासाठी थांबतो?

त्या लग्नाच्या अल्बममध्ये माळांचा फोटो मी लहानच लावला. मोठा केला की फाटत होता.