उभ्या गाडीची कमाई

गेल्या शाबान महिन्यात आमच्या भाच्याचा दुबईहून फोन आला. सलाम-दुआ झाली, घरच्यांची खुशाली विचारून झाली आणि मग तो म्हणाला, "खाला, खालूंनाही जवळ बोलवा. तुम्हा दोघांच्या फायद्याची गोष्ट आहे."

भाचा तिथे एका गॅरेजमध्ये कामाला आहे. हे गॅरेज दुरुस्तीचे नाही, सांभाळण्याचे आहे. श्रीमंतांच्या महागड्या गाड्या तिथे थंड हवेत, कापडी आच्छादनाखाली उभ्या असतात. धूळ पुसायची, टायरची हवा बघायची, बॅटरी चार्जरला लावलेली आहे ना ते पाहायचे, हे त्याचे काम. काही मालक वर्षातून एक-दोनदा येतात. काही येतच नाहीत.

गोष्ट अशी होती. एक कंपनी अशा गाड्यांचे लहान लहान हिस्से विकत होती. गाडी कंपनीच्या ताब्यात राहणार, आपण फक्त हिस्सेदार. आठ-दहा वर्षांनी गाडी विकली की नफा वाटून मिळणार. हिस्सा होता मॅकलारेन पी-वन या गाडीचा. भाच्याने हिशोबही तयार ठेवला होता. "खाला, पी-वन जगात फक्त ३७५ बनल्या. तिच्याच वेळच्या लाफेरारी ४९९ आणि पोर्शेच्या ९१८ स्पायडर तर पूर्ण ९१८. सगळ्यांत कमी पी-वन. लाफेरारी आज केवढी महाग आहे! मग पी-वन तिच्या पुढे जाणारच ना?"

आमच्याकडे तेव्हा तीन लाख रुपये होते, मुलीच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले. भाच्याला ते ठाऊक होते. व्याज नको म्हणून आम्ही मुदत ठेव करत नाही, हेही ठाऊक होते. म्हणूनच तो पुढे म्हणाला, "यात व्याज नाही, खाला. वस्तू घ्यायची, वस्तू विकायची. सरळ व्यापार."

आम्ही त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. दोन गोष्टींची तुलना कशी करायची हे मुलांना रोज सांगतो, मग स्वतःचे पैसे लावताना तेवढे तरी करायला हवे होते. अशा गाडीत बसणे तर दूरच, आम्ही ती रस्त्यावरही पाहिलेली नाही. पण वही काढली, रकाने आखले आणि रोज इशानंतर तासभर बसू लागलो.

या तिन्ही गाड्या २०१३ च्या सुमारास बाजारात आल्या. तिन्ही पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या. इंग्लंडच्या पी-वनची किंमत होती ८ लाख ६६ हजार पौंड. जर्मनीच्या स्पायडरची अमेरिकेत ८ लाख ४५ हजार डॉलरपासून पुढे. इटलीची लाफेरारी तिघींत महाग, आणि ती घ्यायला नुसता पैसा असून भागत नव्हते. कोणाला द्यायची ते कंपनीच ठरवत असे. आज लाफेरारी लिलावात तीस लाख डॉलरच्या पुढे जाते. पी-वनला बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात. ९१८ बनूनही स्पायडर पी-वनच्या मागे पडलेली नाही. म्हणजे जी संख्येने सर्वांत कमी ती किमतीत सर्वांत वर, हे गणित दहा वर्षांत जुळलेले नव्हते. भाचा म्हणत होता, आता जुळेल. ते खरे की खोटे हे पाहायला आम्हाला आणखी मागे जावे लागले.

फेरारीची एफ-४० ही गाडी १९८७ साली आली. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या डोळ्यांसमोर तयार झालेली ही शेवटची गाडी. पुढच्याच वर्षी ते वारले. सुरुवातीला सुमारे ४०० गाड्या बनवायचा बेत होता, प्रत्यक्षात १,३११ बनल्या. दुसरीकडे इंग्लंडच्या जॅग्वारने एक्सजे-२२० ही गाडी जाहीर केली. फक्त ३५० बनवणार, आगाऊ ५० हजार पौंड भरा. लोकांनी रांगा लावल्या. पण प्रदर्शनात दाखवलेल्या गाडीला बारा सिलिंडरचे इंजिन होते आणि ती चारही चाकांवर जोर घेणारी होती. हातात पडली ती सहा सिलिंडरची, मागच्या दोन चाकांवर चालणारी. शिवाय करारात महागाईप्रमाणे वाढ धरलेली असल्याने १९९२ पर्यंत किंमत ४ लाख ७० हजार पौंडांवर गेली. तोवर मंदी आली होती. ज्यांनी लगेच विकून नफा कमवायचा म्हणून नाव नोंदवले होते, ते पाय मागे घेऊ लागले. प्रकरणे न्यायालयात गेली. काहींनी उलट पैसे मोजून करारातून सुटका करून घेतली. शेवटी जेमतेम पावणेतीनशे-ऐंशी गाड्या बनल्या.

आता या दोघींची तुलना करा. जॅग्वार ताशी ३४० किलोमीटरच्या वर पळाली, एफ-४० चा वेग ३२४. जॅग्वार वेगवान, आणि संख्येने एफ-४० च्या चौथाईहून कमी. तरी आज एफ-४० लिलावात वीस लाख डॉलरच्या पुढे असते, आणि जॅग्वार तीस वर्षांनंतरही जवळपास तिच्या मूळ किमतीशीच घुटमळते. तीस वर्षांची महागाई धरली तर तो सरळ तोटा आहे.

मग किंमत ठरते कशावर? आमच्या लक्षात आले ते असे. 'फक्त इतक्याच बनल्या' हे वाक्य विकणारा सांगतो. पण किंमत ठरते ती किती जणांना ती हवी आहे यावर. फेरारीच्या मागे शर्यतींचा मोठा इतिहास आहे. जुन्या गाड्या तपासून अस्सलपणाचे प्रमाणपत्र देणारा तिचा स्वतःचा विभाग आहे. एकाच्या हातून गाडी सुटली की दुसरा वाट बघत असतो. मॅकलारेनने पी-वननंतर थोड्याच वर्षांत ५०० सेना आणली, मग १०६ स्पीडटेल आणली. खास गाडीनंतर लगेच दुसरी खास गाडी आली की पहिलीची ओढ कमी होणारच. बरे, फेरारीनेही ४९९ वर हात थांबवला असे नाही. पुढे उघड्या टपाची लाफेरारी आणखी २१० बनवली. म्हणजे 'मर्यादित' हा आकडा बनवणाऱ्याच्या हातात असतो, घेणाऱ्याच्या नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही कारखान्यांनी पुढची जोडी जाहीर केली. मॅकलारेनची डब्ल्यू-वन ३९९, फेरारीची एफ-८० पूर्ण ७९९. आज आणखी कोणी कोणाला नक्कीच सांगत असेल की बघा, डब्ल्यू-वन निम्म्यानेच बनणार आहेत!

भाच्याचा एक मुद्दा मात्र खरा होता. काही गाड्यांनी मालकांना अफाट दिले आहे. मॅकलारेनचीच १९९० च्या दशकातली एफ-वन घ्या. किंमत ५ लाख ४० हजार पौंड. ३०० विकण्याचा बेत होता, पण १०६ बनवून १९९८ साली काम थांबवावे लागले. त्यातली एक, जवळजवळ न चालवलेली, २०२१ मध्ये अमेरिकेत दोन कोटी चार लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. आम्ही आकडेमोड केली. सव्वीस वर्षांत सुमारे सत्तावीस पट, म्हणजे चक्रवाढीने दरसाल तेरा टक्क्यांच्या आसपास. आणि ही वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी झाली. ज्या गाड्या पडल्या त्यांचे फोटो जाहिरातीत नसतात.

त्यातूनही खर्च वजा करायचा आहे. लिलावाच्या जाहीर किमतीत खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायचा साधारण दहा टक्क्यांचा वाटा मिळवलेला असतो, तो विकणाऱ्याला मिळत नाही. विमा, जागा, सांभाळणारा माणूस हे दरमहा. उभी गाडी खात नाही असे नाही. एफ-४० च्या पेट्रोलच्या टाकीत रबरी पिशव्या असतात. गाडी चालो न चालो, त्या ठरावीक वर्षांनी बदलाव्याच लागतात. इंजिनाचा पट्टा, टायर यांचेही तसेच. आणि पी-वनसारख्या गाडीची बॅटरी न वापरताही म्हातारी होते. हे तर भाच्याला आमच्याहून जास्त ठाऊक. चार्जर तोच लावतो.

दीनी बाजू विचारायला आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नियत काय आहे? चालवायची की विकायची?" स्वतःच्या वापराच्या वाहनावर जकात नाही. पण विकून नफा मिळवण्यासाठी घेतलेली वस्तू हा व्यापाराचा माल. बहुतेक उलमांच्या मते वर्ष भरले की त्या दिवशीच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात. आपल्याकडे हिस्सा असेल तर हिश्शापुरती. आम्ही पुन्हा वही उघडली. गाडी वर्षाला एक रुपया हातात देत नाही, म्हणजे जकात दरवर्षी पगारातून भरायची. किंमत जागच्या जागी राहिली तर वीस वर्षांत तिच्या निम्मी रक्कम जकातीतच जाते.

मौलाना म्हणाले, "यात जकातीचा दोष नाही. जकात पैशाला विचारते की तू रिकामा का बसलास?" अनाथाचा माल ज्याच्याकडे असेल त्याने तो व्यापारात फिरता ठेवावा, नाहीतर जकात देता देताच तो संपेल, ही हजरत उमर (रजि.) यांच्याकडून आलेली शिकवण त्यांनी आठवून दिली. मग त्यांनी आणखी तीन गोष्टी विचारल्या. गाडी कधी विकायची हे कोण ठरवणार? तोवर तुम्हाला पैसे हवे असतील तर हिस्सा कोण घेणार? आजचा भाव कोण सांगणार? तिन्हींचे उत्तर एकच होते : कंपनी. मौलाना थोडे थांबून म्हणाले, "ज्या सौद्यात सगळे अंधारात तुम्हीच आहात, तो सौदा सोडलेला बरा."

आठव्या दिवशी आम्ही भाच्याला फोन केला. रागावायचे नाही असे ठरवले होते. वहीतला एकेक रकाना वाचून दाखवला. एफ-४० आणि जॅग्वारची गोष्ट सांगून झाल्यावर पलीकडून काहीच आवाज येईना. आम्हाला वाटले फोन कटला.

मग तो म्हणाला, "खाला, मी घातलेत."

दोन वर्षांची बचत होती. धाकट्या बहिणीच्या निकाहसाठी साठवलेली. अम्मीला सांगितले नव्हते. दुप्पट झाले की सांगायचे होते. गेले चार महिने तो हिस्सा विकायला बघत होता. कंपनीच्या पानावर त्याच्या हिश्शाची किंमत रोज दिसते, घातले त्यापेक्षा थोडी जास्तच. फक्त त्या किमतीला घेणारा कोणी येत नाही. आम्हाला फोन करण्यामागे आमचा फायदा होता, हे खरे. पण आम्ही हिस्सा घेतला असता तर तो त्याचाच घेतला असता, हेही त्याने रडत रडत सांगितले.

आम्हाला त्याचा राग आला का? आला. रात्रभर आला. पण सकाळी आठवले, की हा मुलगा रोज दहा तास अशा गाड्या पुसतो ज्यांतल्या एकीच्या किमतीत आमचा अख्खा मोहल्ला नव्याने बांधून होईल. त्या गाड्या न हलता महाग होतात असे त्याला रोज सांगितले जाते. तो मात्र दिवसभर हलूनही तिथेच राहतो. त्याने लोभ केला हे खरे आहे. पण लोभ त्याच्या डोळ्यांसमोर रोज पुसून चकचकीत करून ठेवलेला होता, आणि पुसणारा तोच होता.

मुलीचा प्रवेश झाला, अल्हम्दुलिल्लाह. फी भरून जे उरले त्यातले एक लाख आम्ही भाच्याच्या अम्मीला कर्ज-ए-हसना म्हणून दिले. निकाह साधाच झाला, मशिदीत. भाचा त्याच्या पगारातून दरमहा थोडे थोडे फेडतो. हिस्सा अजून अडकलेलाच आहे. विकला गेला तर बरे, पण आम्ही आता त्याची किंमत विचारत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर एक नोंद आहे. मर्सिडीजने १९५५ साली शर्यतीच्या गाडीवरून फक्त दोन बंद टपाच्या गाड्या बनवल्या होत्या. त्यातली एक कंपनीने सदुसष्ट वर्षे जपली आणि मे २०२२ मध्ये स्टुटगार्टच्या आपल्या संग्रहालयात विकली. साडेतेरा कोटी युरो, आपले सुमारे १,१०० कोटी रुपये. तोवर कोणत्याही गाडीला एवढी किंमत आली नव्हती. त्या पैशांतून विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी निधी उभा केला गेला. वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, मग ती गाडी आता कुठे आहे?" घेणाऱ्याचे नाव जाहीर झालेले नाही, पण कुठेतरी उभीच असणार. शिकायला मात्र मुले निघाली आहेत.

भाच्याला आम्ही हे कळवले. त्याचे उत्तर आले, "खाला, सुट्टीवर आलो की त्या वहीची झेरॉक्स द्या. इथे आमच्या खोलीत आठ जण आहेत, त्यातल्या तिघांना त्याच कंपनीचा फोन आला आहे." आम्ही सुट्टीची वाट पाहिली नाही. त्याच रात्री एकेका पानाचा फोटो काढून पाठवला.