मानमोडी

बेगमपुऱ्यातल्या आमच्या अंगणात अम्मीच्या सोळा गावरान कोंबड्या होत्या. अंड्यांचा पैसा तिचा स्वतःचा. त्यातूनच आपाच्या वह्या यायच्या, दादीची दवा यायची.

१९९८ च्या थंडीत एक तलंग मान मुरडून गिरक्या घेऊ लागली. हिरवट, पातळ हगवण. दादीनं बघताच ओळखलं, "मानमोडी है, बेटा." पुस्तकात याला राणीखेत म्हणतात. विषाणूचा रोग, त्याला औषध नाही. लहानपणीच पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब टाकायचा, एवढाच उपाय. तरी दादी हळद-लसूण भरवत राहिली.

शेजारची खाला म्हणाली, "मरने के पैले जबह करके बेच डालो." अम्मी म्हणाली, "बीमार जनावर का पैसा मेरे कू नक्को."

आठ दिवसांत चौदा गेल्या. अब्बांनी लिंबाखाली खोल खड्डा खणून, चुना टाकून पुरल्या. अम्मीनं खुराड्यातली राख उपसली, कोपरान्‌कोपरा धुतला. त्या महिन्यात आपाच्या वह्या उधारीवर आल्या.

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. २०२१ च्या जानेवारीत आपल्या परभणीच्या मुरुंब्यात. तेव्हा मारलेल्या कोंबड्यांची भरपाई सरकार देतं हे कळलं. अम्मीच्या कोंबड्या सरकारनं कुठं मारल्या होत्या!

वाचलेला एक कोंबडा जन्मभर मान तिरपी ठेवूनच फिरला. फजरला बांग मात्र चुकवायचा नाही. एकदा पाहुणे आले म्हणून अब्बांनी त्याला कापायचं काढलं, तर अम्मी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.