ऐकणाऱ्याचे चित्र

जुन्या शिळाछाप जाहिरातींची डागडुजी हा व्यवसाय पत्करल्यापासून ग्रामोफोनच्या भित्तिपत्रकांइतके चिंतनीय कागद माझ्या मेजावर दुसरे आले नाहीत. कारण ज्या यंत्राचा सारा महिमा श्रवणाचा, त्याची महती मुक्या कागदावरून पटवून देण्याची कामगिरी चित्रकारांकडे आली होती, आणि त्यांतल्या जाणत्यांनी ती ऐकणाऱ्याचे चित्र काढून पार पाडली.

फ्रान्सिस बॅरॉड या आंग्ल चित्रकाराने आपल्या दिवंगत बंधूच्या निपर नामक कुत्र्याचे जे चित्र रंगविले, त्यात प्रथमतः मेणाची नळकांडी वाजविणारा फोनोग्राफ होता. पुढे १८९९ मध्ये, काळ्याऐवजी पितळी कर्णा नमुन्यादाखल मिळावा म्हणून तो लंडनच्या ग्रामोफोन कंपनीच्या कचेरीत गेला असता, फोनोग्राफच्या जागी तबकडीचा ग्रामोफोन रंगविल्यास चित्र खरेदी करण्याची तयारी व्यवस्थापक ओवेन यांनी दर्शविली, आणि चित्राचे ५० पौंड व हक्कांचे ५० पौंड असा सौदा ठरला. मूळ चित्रावर विशिष्ट कोनातून उजेड पडला म्हणजे वरच्या रंगाखालचा तो पहिला फोनोग्राफ अद्यापि दृग्गोचर होतो. यंत्र बदलले, निपरची कललेली मान मात्र तीच राहिली.

माझ्या कामाची सारी तजवीज मी या गोष्टीवरून करतो. आपल्याकडच्या दुकानांत टांगलेले हे कागद खिळ्यांच्या गंजाने, पावसाळी बुरशीने आणि कसरीने जर्जर होऊन येतात. प्रत्येक रंग पाण्यात विरघळतो की काय याची कोपऱ्यात परीक्षा घेऊन, पाठीमागे गव्हाच्या पातळ खळीने जपानी कागद चिकटवून घड्यांच्या चिरा सांधता येतात. रंग भरण्याचा प्रश्न मात्र निराळा आहे. पेटीची कड किंवा कर्ण्याची गोलाई तुटली असेल, तर उरलेल्या रेषेच्या आधाराने ती मी निःशंकपणे पुरी करतो, कारण यंत्राचा आकार अन्य प्रतींवरून पडताळता येतो. भोक कुत्र्याच्या कानावर पडले असेल, तर तेथे भोवतालच्या छटेचा कोरा तुकडा बसवून मी थांबतो. कान पडताळता येत नाही असे नव्हे. परंतु त्या दोन-तीन फटकाऱ्यांतच श्रवणातली उत्कंठा साठवलेली असते, आणि ते माझ्या कुंचल्याने उमटले तर ऐकणारा बॅरॉडचा राहत नाही. चित्र नव्यासारखे लखलखीत हवे असा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हा खुलासा काम हाती घेण्यापूर्वीच करतो, आणि तो मान्य नसेल तर कागद परत देतो.