गेलेल्याची जागा

घरातील कर्ता माणूस निघून गेला की मागे राहिलेल्यांसमोर दोन प्रश्न उभे राहतात. एक दुःखाचा आणि दुसरा कामाचा. दुःख ओसरायला अवधी लागतो. काम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच दाराशी येऊन ठाकते. अशा वेळी गेलेल्यासारखाच दुसरा कोणी मिळतो का, याचा शोध घेण्याकडे माणसाच्या मनाचा कल असतो. हा शोध बहुधा का फसतो आणि त्याऐवजी काय करता येते, याचा धडा मला एका अनपेक्षित ठिकाणी मिळाला. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलचे मैदान.

२०१३ साली अभ्यासाच्या निमित्ताने मला काही महिने सेंट लुईस शहरात राहण्याचा योग आला. मिसिसिपी नदीकाठच्या या शहराचा बेसबॉल संघ ‘कार्डिनल्स’ या नावाने ओळखला जातो. हे नाव ऐकून वाचकांच्या डोळ्यांसमोर लाल झग्यातील कार्डिनल महोदय उभे राहिले, तर त्यात नवल नाही. माझेही तसेच झाले होते. परंतु संघाला हे नाव मिळाले ते त्याच्या पोशाखाच्या लाल रंगावरून, आणि पुढे त्याच नावाचा लाल पक्षी त्याचे चिन्ह बनला. माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहत असत. संध्याकाळी ते ओसरीवर रेडिओ लावून सामन्याचे धावते वर्णन ऐकत आणि मला खेळ समजावून सांगत. क्रिकेट जाणणाऱ्याला बेसबॉल समजणे फारसे अवघड नाही. नऊ जणांचा संघ, चार ‘बेस’, आणि ते चारही बेस ओलांडून धाव पूर्ण करायची. चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे टोलवला की ‘होमरन’.

बोलता बोलता त्यांच्या तोंडी एक नाव हटकून येई : अल्बर्ट पुहोल्स. डॉमिनिकन प्रजासत्ताकात जन्मलेला हा मुलगा कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. तेथे नव्या खेळाडूंची दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाची निवड होते. संघ पाळीपाळीने एकेका तरुणाचे नाव पुकारतात. १९९९ साली पुहोल्सचे नाव तेराव्या फेरीत पुकारले गेले. त्याच्याआधी ४०१ तरुण निवडले गेले होते. २००१ साली तो मुख्य संघात आला आणि पुढील अकरा हंगामांत त्याने ४४५ होमरन केले, तीन वेळा लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळवला आणि २००६ व २०११ अशी दोन अजिंक्यपदे जिंकून देण्यात मोलाचा वाटा उचलला. २०११ च्या अंतिम मालिकेतील एकाच सामन्यात त्याने तीन होमरन केले. शहराने त्याला डोक्यावर घेतले होते.

त्या विजयानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, डिसेंबर २०११ मध्ये, पुहोल्स कॅलिफोर्नियातील एंजल्स संघाकडे गेला. करार दहा वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा होता. त्याच सुमारास संघाचे जुने जाणते व्यवस्थापक टोनी ला रुसा हेही निवृत्त झाले होते. एका हिवाळ्यात संघाचा मुख्य आधारस्तंभ गेला आणि तो उभारणारा हातही गेला. माझ्या शेजाऱ्यांच्या कपाटात पुहोल्सच्या ५ क्रमांकाचा सदरा होता. तो ते अंगात घालीत नसत आणि टाकूनही देत नसत.

आता संघाने काय करावे? पहिला मोह उघड होता : तेवढ्याच पैशात तेवढाच मोठा खेळाडू विकत घ्यावा. कार्डिनल्सच्या कारभाऱ्यांनी तो मोह टाळला. पुहोल्ससारखा दुसरा बाजारात नव्हताच. आणि असता, तरी त्याच्या उतरत्या वयाची वर्षेही त्याच भावाने घ्यावी लागली असती. म्हणून त्यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. ‘त्याच्या जागी कोण?’ असे न विचारता, ‘तो करीत असलेली कामे कोणती, आणि ती कोणाकोणात वाटता येतील?’ असे त्यांनी विचारले.

कामे वाटली गेली ती अशी. दूरवर चेंडू टोलवण्याचे काम कार्लोस बेल्ट्रान या अनुभवी खेळाडूकडे आले. त्याच्याशी करार झाला तो फक्त दोन वर्षांचा, २ कोटी ६० लाख डॉलरचा; आणि पहिल्याच वर्षी त्याने ३२ होमरन केले. पहिल्या बेसवरील पुहोल्सची जागा लान्स बर्कमन या दुसऱ्या बुजुर्गाकडे दिली गेली. तो दुखापतीने जायबंदी झाला, तेव्हा ॲलन क्रेग पुढे आला. त्याने २०१२ मध्ये ९२ धावा घडवून आणल्या. पुढल्या वर्षी क्रेगच्या पायाला इजा झाली, तेव्हा मॅट ॲडम्स तेथे उभा राहिला. क्रेग आठव्या फेरीत निवडला गेला होता, तर ॲडम्स तेविसाव्या. वाचलेल्या पैशातून संघाने यष्टिरक्षकासारखे काम करणारा आपला ‘कॅचर’ याडिअर मोलिना याच्याशी पाच वर्षांचा करार करून त्याला राखून ठेवले. गेलेल्याचा शोक करताना असलेल्याकडे दुर्लक्ष होऊ नये, एवढे भान त्यांनी ठेवले.

हे घडू शकले, कारण त्याची पेरणी फार पूर्वी झालेली होती. १९२० च्या दशकात ब्रँच रिकी नावाच्या दूरदर्शी कारभाऱ्याने याच संघात एक प्रथा रुजवली. श्रीमंत संघांशी चढाओढ करून तयार खेळाडू विकत घेणे त्याला परवडत नव्हते. म्हणून त्याने लहान गावांतील छोटे संघ हाताशी धरले आणि कोवळ्या मुलांना तेथे वाढवून वर आणले. या व्यवस्थेला अमेरिकेत ‘शेत’ म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. कार्डिनल्सच्या याच शेतात मॅट कार्पेंटर वाढला. पुहोल्सप्रमाणेच तोही तेराव्या फेरीतला. २०१३ मध्ये तो सवयीची जागा सोडून नव्या जागी खेळायला शिकला, आणि त्या वर्षी त्याच्या लीगमध्ये त्याच्याइतक्या, म्हणजे १२६ धावा दुसऱ्या कोणीही काढल्या नाहीत.

त्या काळच्या नियमानुसार असा खेळाडू गमावणाऱ्या संघाला भरपाई म्हणून ड्राफ्टमधील निवडीचे हक्क मिळत. एंजल्सकडून आलेल्या हक्कावर कार्डिनल्सने २०१२ साली मायकेल वाका या तरुण पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची निवड केली. पुढच्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्ध दोन सामन्यांत प्रतिपक्षाला एकही धाव घेऊ दिली नाही आणि संघाला अंतिम मालिकेत नेऊन पोहोचवले. ज्या दारातून एक जण बाहेर पडला, त्याच दारातून दुसरा आत आला. पण तो पहिल्याचे काम करणारा नव्हता. फलंदाज गेला, पिचर मिळाला!

ही कहाणी केवळ यशाची आहे, असे मात्र समजू नये. २०१२ मध्ये अंतिम मालिकेच्या उंबरठ्यावर ३-१ अशी आघाडी असताना संघ हरला. २०१३ मध्ये अंतिम मालिकेत बॉस्टनने त्याला नमवले, आणि शेवटच्या सामन्यातील पराभूत पिचर वाकाच होता. त्या रात्री माझ्या शेजाऱ्यांनी रेडिओ बंद केला, आणि पुहोल्स असता तर, हे वाक्य त्यांनी अर्धेच सोडले. वाटून दिलेले काम कितीही चोख झाले, तरी ऐन प्रसंगी एकट्याने सामना फिरवणारा हात काही वेगळाच असतो.

ओकलंडच्या ॲथलेटिक्स संघाचेही उदाहरण बोलके आहे. २००१ च्या हंगामानंतर त्यांचा प्रमुख फलंदाज जेसन जियांबी न्यूयॉर्कला गेला. कोपराच्या दुखापतीमुळे कॅचरचे काम करू न शकणाऱ्या स्कॉट हॅटबर्गला त्यांनी पहिल्या बेसवर उभे केले. तो टोलेबाज नव्हता, पण बाद न होता बेस गाठण्यात तरबेज होता. २००२ मध्ये त्या संघाने लागोपाठ २० सामने जिंकले, आणि विसावा विजय हॅटबर्गच्याच होमरनने मिळाला. या चातुर्याची पुढे पुस्तकातून व चित्रपटातून पुष्कळ वाहवा झाली. पण त्याच वर्षीचा लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडू मिगेल तेहादा आणि सर्वश्रेष्ठ पिचर बॅरी झिटो हे दोघेही त्याच संघाच्या शेतात वाढलेले होते. घर आधीच भरलेले असेल, तरच एकाच्या जाण्याने ते ओस पडत नाही.

पुहोल्सचे पुढे काय झाले? पायांच्या दुखण्यांनी त्याला छळले. एंजल्सकडे असताना त्याने २२२ होमरन केले खरे; पण त्या काळात तो संघ बाद फेरीत गेला तो केवळ एकदा, २०१४ मध्ये. एक मोठा माणूस आणला म्हणजे घर उभे राहतेच असे नाही. २०१९ साली तो पाहुण्या संघाचा खेळाडू म्हणून सेंट लुईसला आला, तेव्हा सारे मैदान उठून उभे राहिले, आणि त्याच्या जुन्या सोबत्याने, मोलिनाने, त्याला मिठी मारली. २०२२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा कार्डिनल्सकडे आला. त्याने त्या हंगामात २४ होमरन केले, कारकिर्दीतील ७०० चा टप्पा ओलांडला आणि ७०३ वर थांबून निवृत्ती घेतली.

त्या वर्षी पहिल्या बेसवर मुख्यत्वे पॉल गोल्डश्मिट खेळत होता, आणि लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. जागा अडून राहिली नव्हती. परंतु मधल्या दहा हंगामांत कार्डिनल्सने ५ क्रमांकाचा सदरा दुसऱ्या कोणालाही दिला नव्हता. पुहोल्स परतला, तेव्हा तो सदरा त्याची वाट पाहत होता.

मागे राहिलेल्यांनी कामे वाटून घ्यावीत, कारण ती थांबत नाहीत. आणि नवख्याला नव्या जागी उभे राहू द्यावे, त्याने पहिल्याची नक्कल करावी असा हट्ट धरू नये. मात्र गेलेल्याचा सदरा घाईघाईने कोणाच्या अंगावर चढवू नये. तो कपाटात राहू द्यावा.