चिमटा

मुलांना अमुक गोष्ट कितव्या वर्षी करू द्यावी असा प्रश्न आला, की आम्ही मास्तर लोक चटकन एक इयत्ता सांगून मोकळे होतो. इयत्तेचे एक बरे असते, तिला कारण द्यावे लागत नाही. गेल्या वर्षी माझ्या आठवीतल्या कन्येने केस सरळ करायचा विजेचा चिमटा मागितला. तिच्या भाषेत स्ट्रेटनर. मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "दहावीनंतर."

दहावीचा आणि केसांचा संबंध काय, हे तिने विचारले नाही. विचारले असते तर मला सांगता आले नसते.

तिच्या हौसेला हसण्याचा अधिकारही मला नव्हता. 2003 साली 'तेरे नाम' आला, तेव्हा मीही कपाळावर केस सोडून सीताबर्डीवरून हिंडलो आहे. आज त्या केसांपैकी फारसे कोणी साक्षीला उरलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी. आणि ही हौस काही आजची नव्हे. पॅरिसच्या मार्सेल ग्रातो या केशभूषाकाराने 1872 च्या सुमारास तापल्या चिमट्याने केसांना लाटा पाडायला सुरुवात केली. ते चिमटे आगीवर तापवायचे असत. केसांना लावण्याआधी कागदावर दाबून पाहत. कागद करपला, तर चिमटा निवू देत.

मग नवरात्र आले. नागपूरचा ऑक्टोबर म्हणजे गुंडाळून ठेवलेला कूलर पुन्हा काढावा की काय, असे वाटायला लावणारा महिना. अशा उकाड्यात आमची कन्या गळ्याभोवती ओढणी लपेटून जेवायला बसली. माझी आई म्हणाली, "काहून वं, एवढ्या गरमीत गळ्याले काय गुंडाळून राहिली?"

उत्तर आले नाही. आईने ओढणी हळूच बाजूला केली. कानाखाली दोन बोटे रुंद भाजलेले होते. फोड फुटला होता आणि त्यावर टूथपेस्टचा पांढरा पापुद्रा वाळला होता. गरब्याच्या तयारीत मैत्रिणीच्या घरी चिमटा लागला, त्याला चार दिवस झाले होते.

डॉक्टरांनी जखम साफ केली. ते म्हणाले, "भाजल्याबरोबर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायला हवे होते. टूथपेस्टने आग निवत नाही, जखम मात्र चिघळते." मुलीला विचारले, पाणी का नाही घेतलेस? ती खाली पाहत म्हणाली, "मैत्रिणीच्या आईने पाहिलं असतं. मग तुम्हाला कळलं असतं, बाबा."

चिमट्याने तिला भाजले ते क्षणभर. पुढचे चार दिवस भाजले ते माझ्या 'दहावीनंतर'ने.

रात्री आईने मला विचारले, "तुले इस्त्री कितवीत दिली होती मी?"

चौथीत. आमच्या महालातल्या घरी कोळशाची पितळी इस्त्री होती. आईने आधी पाण्याचा थेंब टाकून चुर्र आवाज कसा ऐकायचा ते शिकवले, राख कुठे झाडायची ते दाखवले, आणि शेवटी म्हणाली, "चटका बसला तर आधी मले सांगजो. रागावणार नाही." पहिल्याच आठवड्यात चटका बसला. मी ओरडतच मोरीकडे धावलो. आज त्या हातावर खूणही नाही.

मग आम्ही बापलेक मिळून त्या चिमट्याचा अभ्यास केला. तो साधारण दीडशे ते सव्वादोनशे अंशांपर्यंत तापतो. पाणी उकळते शंभरावर, आणि पोराची कातडी भाजायला साठ अंशांचा चटका काही सेकंद पुरतो. बटण बंद केले तरी तो बराच वेळ गरम राहतो. ओल्या केसांना लावला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसच फुटतो. उष्णतेने केसांतले काही बंध तेवढ्यापुरते सुटतात आणि थंड होताना नव्या आकारात बसतात. पाणी लागले, की केस पुन्हा मूळ वळणावर. धाकाने लावलेले वळणही असेच असावे.

चिमटा आला. सणासमारंभालाच वापरायचा, कोरड्या केसांना, कमीत कमी तापवून, फरशीच्या तुकड्यावर ठेवून. काम होताच पिन काढायची आणि तो धाकट्याच्या हाताला लागणार नाही असा निवू द्यायचा. घरात मोठे माणूस हवेच. हे नियम तिनेच वहीत लिहिले. त्यावर माझे एकच कलम: भाजले तर आधी सांगायचे. वय किती, हे मी पुन्हा विचारले नाही. सांगण्याइतका विश्वास आहे का, एवढेच पाहायचे होते. आणि ती परीक्षा तिच्यापेक्षा माझीच अधिक होती.

यंदा दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले. कन्या ओले केस पाठीवर सोडून उन्हाची वाट पाहत बसली होती. चिमट्याला तिने हात लावला नाही. तेवढ्यात दुसरीतला धाकटा हातात अनार घेऊन आला. "बाबा, हा मी एकटा कधी लावू?"

मी सवयीने एक इयत्ता सांगणार होतो. त्याआधीच ताई त्याला म्हणाली, "चटका बसला तर सांगशील का आधी?"

धाकट्याने जरा विचार केला. "बाबा रागावतील का?"

ताईने माझ्याकडे पाहिले. उत्तर मला द्यायचे होते.