'म्हणजे काय?' हा प्रश्न

या विद्यालयाच्या वसतिगृहात वाढलेले आम्ही काही माजी विद्यार्थी आज फ्रान्समध्ये संगणक-अभियंते म्हणून काम करीत आहोत. स्मरणिकेसाठी लिहिण्याचा निरोप आला, तेव्हा तेथे रोज उपयोगी पडणाऱ्या एका प्रश्नाविषयी लिहावे, असे आम्हांस वाटले.

फ्रान्सला जाण्यापूर्वी आम्ही पुस्तकी फ्रेंच शिकलो होतो. संगणकास 'ऑर्दिनातर' म्हणतात. १९५५ साली आयबीएम कंपनीच्या विनंतीवरून लॅटिनचे प्राध्यापक झाक पेरे यांनी हा शब्द सुचविला, हेही वाचले होते. प्रत्यक्षात सहकारी त्यास 'ओर्दी' म्हणत, कधी 'बेकान'. बेकान म्हणजे खरे तर सायकल. यंत्र मंदावले की ते 'वल्हे मारते'. अचानक बंद पडले की त्याने 'रोवले'. एखादी प्रणाली विनाकारण गुंतागुंतीची झाली की ती 'वायूचा कारखाना' ठरते. ई-मेलसाठी शासनाने २००३ साली 'कूरिएल' हा शब्द अधिकृत केला. बोलताना मात्र बहुतेकांच्या तोंडी 'मेल'च असतो.

बैठकीत असे शब्द भराभर येत आणि सारे हसत. अशा वेळी मान डोलावून गप्प बसणे सर्वांत सोपे. ज्यांच्या घरात पहिले पुस्तक त्यांच्याच दप्तरातून आले, त्यांना तर हा मोह अधिकच होतो. कारण प्रश्न विचारला तर 'हा येथला नव्हे' असे कोणी म्हणेल, ही भीती पिढ्यांची असते. परंतु मान डोलावणाऱ्याच्या हाती काम अर्धवट समजून येते, आणि त्याची किंमत पुढे त्यालाच मोजावी लागते.

आम्ही विचारीत गेलो : 'सा व्हू दीर क्वा?' शब्दशः, 'हे काय म्हणू पाहते?' बोलीतला हा प्रश्न ऐकून कोणी तुच्छतेने पाहिले नाही. उलट, 'वायूचा कारखाना' का, हे सांगताना सहकारी स्वतःच थबकत, मग नळ्या आणि झडपांचे जाळे कागदावर काढून दाखवीत. त्या चित्रातून यंत्रणेचा दोषही स्पष्ट होई. असाच एकदा 'सा मार्श'चा अर्थ कळला. मार्श म्हणजे चालणे. यंत्र ठीक असले तरी 'चालते' आणि प्रस्ताव मान्य असला तरी 'चालते'. आपल्या मराठीतही यंत्र चालते आणि बेतही 'चालेल'! त्या दिवशी ती भाषा आम्हांस एकदम जवळची वाटली.

विचारण्याची ही सवय आम्हांस येथेच लागली. पहाटेच्या वंदनेतील पाली शब्द नुसते पाठ म्हणून भागत नसे; प्रत्येक शब्दाचा अर्थ गुरुजी विचारीत, आणि आम्हीही त्यांना विचारावे असा त्यांचा आग्रह असे. सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नालाही ते थांबून उत्तर देत. अर्थ विचारणाऱ्यास या आवारात कधी कोणी हसले नाही.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे की, मुलाने घरी 'म्हणजे काय?' असे विचारले तर त्यास गप्प करू नये. उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून शोधावे. आणि आज वसतिगृहात असलेल्या आमच्या धाकट्या भावंडांनो, तुम्ही कोणत्याही देशी जा, कोणतीही भाषा बोला. न समजलेला शब्द मनात दाबून ठेवू नका. तो समोर मांडा. तो सांगणारा माणूस बहुधा तुमच्या शेजारीच बसलेला असतो.